परिसर अभ्यासाच्या तासाला तुम्ही काय पाहता? केंद्रप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व केंद्रप्रमुख आणि शिक्षण विस्तार अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

मी माणदेशातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी शेजारच्या खोलीत सरांकडे; तिसरी आणि चौथी मिळून एका खोलीत माझ्याकडे. प्राथमिक वर्गांतल्या विज्ञानाबद्दल काही मागायचं असेल तर पत्र मंत्रालयात किंवा पुण्याला राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे पाठवावं, असं कुणीही सांगेल. मी ते मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे. मला जे हवं आहे त्याचा कायदा आधीच झालेला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्यात, कलम 29 मध्ये, मुलांचं शिकणं कृतीतून, शोधातून आणि धुंडाळण्यातून व्हावं असं स्पष्ट म्हटलं आहे. ते वर्गात उतरेल की नाही, हे मात्र तुमच्या शाळाभेटीवर ठरतं. तुम्ही आल्यावर कोणती वही मागता, मुलाला उभं करून काय विचारता, जाताना शेरेबुकात काय लिहिता, त्यावर पुढचे कित्येक दिवस शाळेत काय चालणार ते ठरतं. गावाकडच्या शाळेत तुमच्या एका ओळीला फार वजन असतं.

सध्या भेटीत काय पाहिलं जातं ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. परिच्छेद वाचायला देतात, हातच्याची वजाबाकी घालतात, निपुण भारत अभियानाचा, म्हणजे वाचन आणि अंकज्ञानाचा, तक्ता बघतात. ते बघायलाच हवं. तिसरीतलं मूल वाचत नसेल तर आधी ते वाचतं व्हायला हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण नियतकालिक मूल्यांकन चाचणी भाषेची, गणिताची आणि इंग्रजीची; भेटीतले प्रश्नही त्यांचेच. मग परिसर अभ्यास हा प्रकट वाचनाचा तास होऊन बसतो. एकेक मूल उभं राहून एकेक परिच्छेद वाचतं, धड्याखालचे प्रश्न उत्तरांसकट फळ्यावर येतात आणि फळ्यावरून वहीत उतरतात. बाष्पीभवनाची व्याख्या सुवाच्य अक्षरात लिहिलेली मुलगी, दारातल्या दोरीवरची ओढणी वाऱ्याच्या दिवशी लवकर का वाळते असं विचारलं की गप्प राहते. तिला ते माहीत नसतं असं नाही. असा प्रश्न शाळेतही चालतो, हे तिला कुणी कळू दिलेलं नसतं.

प्रयोग म्हटला की आपल्याकडे तो दाखवायचा असतो. बाई टेबलावर पेला ठेवतात, मागची मुलं माना उंच करतात, निष्कर्ष पुस्तकात छापलेलाच असतो. त्यालाही जागा आहे. मी वेगळ्या गोष्टीबद्दल बोलते आहे: ज्या प्रश्नाचं उत्तर मुलांना आधी ठाऊक नाही, ज्यावर त्यांचं आपसात जमत नाही, आणि जो ती स्वतःच्या हातांनी तपासू शकतात, असा प्रश्न. एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. त्याशिवाय माझी मागणी नीट कळणार नाही.

आमच्याकडे मेंढरं आहेत आणि घरोघरी घोंगडं आहे. मार्चमध्ये, ऊन तापायला लागल्यावर, मी आठवडी बाजारातून बर्फ आणायचं ठरवलं. आदल्या दिवशी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला. बर्फाचे दोन सारखे खडे घेतले, एक ताटलीत उघडा ठेवला आणि एक घोंगड्यात गुंडाळला, तर आधी कुठला वितळेल? प्रत्येकाने आपला अंदाज आणि त्याचं कारण वहीत लिहायचं. कारण लिहिल्याशिवाय अंदाज धरला जाणार नाही, एवढाच नियम.

बहुतेकांनी लिहिलं, घोंगड्यातला. कारणही सरळ होतं. घोंगडं गरम असतं. थंडीत बाप मेंढरांमागे रानात राहतो तेव्हा तेच अंगावर घेतो. मग बर्फ त्यात टिकेल कसा? दोघा-तिघांनी उलट लिहिलं. त्यातल्या एकाचा मामा बर्फगोळ्याची गाडी लावतो. "मामा बर्फ गोणपाटातच ठेवतो," एवढंच त्याचं कारण. त्यावर मागून लगेच आलं, "गोणपाट म्हंजी घोंगडं न्हवं." हा आक्षेप मला फार मोलाचा वाटला. एका वस्तूचा पुरावा दुसऱ्या वस्तूला लागू पडतो की नाही, हे चौथीतला मुलगा विचारत होता, आणि ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चार-चारांचे गट बसले. पहिली अडचण मुलांनीच काढली: खडे सारखे नाहीत. मग शेजारच्या किराणा दुकानातून तराजू आला आणि मोठा खडा पाण्यात बुडवून-बुडवून लहानाएवढा करण्यात आला. एका गटाने ताटली खिडकीतल्या उन्हात ठेवली आणि घोंगडं कोपऱ्यात. दुसऱ्या गटाने हरकत घेतली की मग ऊन जिंकेल, घोंगड्याचं काही कळणार नाही. दोन्ही सावलीत आले. तिसरा वाद सगळ्यात लांबला. घोंगडं मध्ये-मध्ये उघडून बघायचं की नाही? उघडलं तर आत हवा जाते. न उघडलं तर कळणार कसं? शेवटी ठरलं की ताटलीतला पूर्ण वितळला की मगच घोंगडं एकदा उघडायचं. या सगळ्यात मी फक्त तराजूची चिठ्ठी लिहून दिली आणि वेळेकडे लक्ष ठेवलं.

ताटलीत पाणी झालं तेव्हा घोंगड्यात बर्फाचा चांगला जाड खडा शिल्लक होता. वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या सरांना भिंतीपलीकडे ऐकू गेला. काहींना वाटलं खडे अदलाबदल झाले, म्हणून राहिलेल्या बर्फावर पुन्हा केलं, तेच झालं. मग मुलं रिकाम्या घोंगड्यात हात घालून बघायला लागली. तिसरीतल्या एका मुलीने, जी एरवी फार बोलत नाही, सांगितलं, "घोंगडं गरम नसतंयच. आपण आत असतू म्हणून गरम लागतंय."

दुर्वाहक हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला. आधी लिहिला असता तर तो पाठ झाला असता. आता तो मुलांच्या माहितीतल्या गोष्टीचं नाव होता. आणि प्रश्न तिथे थांबला नाही. घोंगडं जर आतलं बाहेर जाऊ देत नसेल आणि बाहेरचं आत येऊ देत नसेल, तर गरम पाण्याचा तांब्या त्यात गुंडाळला तर? हे मुलांनी विचारलं, पुढच्या आठवड्यात करून पाहिलं, आणि या वेळी वह्यांतले अंदाज बहुतेक सगळे बरोबर आले.

आता तुमच्या बाजूने बघू. तुम्ही त्या तासाला आला असता तर तुम्हाला दिसलं असतं की मुलं जागेवर नाहीत, जमिनीवर पाणी सांडलं आहे, बाई फळ्यापाशी नाहीत आणि वहीतली बहुतेक उत्तरं चुकलेली आहेत. एका तासिकेचं काम दोन जोडतासिकांत गेलं आहे. टाचणात जे लिहिलं आहे ते वर्गात तसंच चाललेलं नाही. रूढ नजरेने हा तास कच्चा ठरतो. मला ठामपणे म्हणायचं आहे की वर्षभरातल्या सगळ्यात चांगल्या तासांपैकी तो एक होता, आणि असे तास शिक्षकांनी घ्यावेत असं वाटत असेल तर ते ओळखणारी नजर भेटीला आलेल्या माणसाकडे असायला हवी. मला तुमच्याकडून मुख्यतः हेच हवं आहे.

वहीतला चुकलेला अंदाज तसाच राहू द्या. त्यावर लाल फुली नको, बाईंनी खोडून लिहून घेतलेलं बरोबर वाक्य नको. 'मला वाटलं होतं घोंगड्यातला वितळेल, पण ताटलीतला आधी वितळला' या वाक्यात त्या मुलाचं सगळं शिकणं आहे. ते खोडलं की उरते फक्त बरोबर ओळ, जी वर्गातल्या प्रत्येक वहीत सारखीच असते. तुमच्या हाती परिसर अभ्यासाच्या पंचवीस वह्या आल्या आणि पंचवीसही वह्यांत शब्दन् शब्द तेच असेल, तर तो चांगल्या वर्गाचा पुरावा मानू नका. शुद्धलेखनाचंही तेच. प्रयोगाच्या नोंदीत मूल 'इरगाळला' लिहितं, 'लई येळ लागला' लिहितं. भाषेच्या तासाला ते जरूर सुधारू. इथे त्याला आधी जे दिसलं ते लिहू द्यावं.

दुसरी गोष्ट वर्षभर चालणारी आहे आणि तिला खर्च शून्य आहे. आम्ही अंगणात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवतो आणि दुपारी तिच्या सावलीचं टोक मातीवर खुणेने धरतो. शाळा सुरू होते त्या जूनच्या मध्याला, ढग बाजूला झाले तर, आमच्याकडे मध्यान्हीची सावली जेमतेम 10 सेंटिमीटर असते आणि ती दक्षिणेला पडते. ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेच्या सुमारास ती जवळजवळ नाहीशी होते. मग ती बाजू बदलते. 23 सप्टेंबरला उत्तरेकडे 32 सेंटिमीटर, आणि वाढत-वाढत 22 डिसेंबरला 87 सेंटिमीटरच्या आसपास. त्यानंतर पुन्हा आखडायला लागते. सूर्य रोज दुपारी बरोबर डोक्यावर येतो असं मुलांना वाटतं, पालकांनाही वाटतं. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तो आपल्याकडे वर्षातून दोनदाच माथ्यावर येतो. त्यातली एक तारीख मेच्या सुट्टीत जाते आणि दुसरी पावसाळ्यात. दुष्काळी पट्ट्यात राहण्याचा एवढा एक फायदा, की आमच्याकडे त्या दिवसांतही ऊन मिळण्याची थोडी आशा असते.

याच काठीपाशी डिसेंबरात एक मोठा वाद होतो. मुलांना खात्री असते की सावली सगळ्यात लहान बारा वाजता असणार. म्हणून पावणेबारापासून एक वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी खूण करायची. बाराची खूण होते, आणि सावली त्यानंतरही आखडत राहते. सगळ्यात लहान निघते ती साडेबाराच्या सुमाराला. पहिला निष्कर्ष असा निघतो की शाळेचं घड्याळ चुकलं. मग मोबाइलवर वेळ बघतात. घड्याळ बरोबर असतं. मग काठी वाकडी असेल म्हणून दोरीला दगड बांधून ओळंबा धरतात. काठी सरळ असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतात. कारण तुम्हाला माहीत असेलच: भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे, आम्ही साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास आहोत, आणि एका अंशाला सूर्य 4 मिनिटं घेतो. चौथीतल्या मुलांना हे गणित सांगायची मला घाई नाही. घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा एक नसतात, आणि हे आम्ही मोजलं आहे, एवढं त्या वयाला भरपूर झालं. कारण जिभेवर असताना न सांगणं ही या पद्धतीतली शिक्षकाची सगळ्यात कठीण कसरत आहे, आणि ती करणाऱ्या शिक्षकाला 'विषयज्ञान अपुरे' असा शेरा मिळता कामा नये.

इथे तुम्ही असं काही करू शकता जे एकट्या शाळेला जमणार नाही. नागपूरकडच्या एखाद्या केंद्रप्रमुखांशी बोला आणि ठरवा की 22 डिसेंबरच्या आसपास एकाच दिवशी दोन्ही केंद्रांतल्या शाळा काठीची सावली मोजतील. त्यांच्याकडे तीच एक मीटरची काठी सुमारे 98 सेंटिमीटरची सावली टाकेल, आणि ती सगळ्यात लहान होईल बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी. आमच्या मुलांना हे आकडे व्हॉट्सअॅपवरून त्यांच्या मुलांनी कळवले तर पृथ्वीच्या गोलपणाबद्दल, सूर्याच्या फिरण्याबद्दल जे प्रश्न उठतील ते कुठल्याही धड्याखाली छापलेले नाहीत. आपले शिक्षकांचे गट रोज शुभेच्छांनी आणि परिपत्रकांनी भरून जातात. त्यात एक दिवस सावल्यांचे आकडे येऊ देत.

अशा प्रश्नांना तोटा नाही. काळी माती, मुरूम आणि ओढ्याची वाळू, तिन्ही सारख्या मापाने, बूड कापून उलट्या केलेल्या बाटल्यांत फडकं लावून भरायची, वरून एकेक पेला पाणी ओतायचं आणि खाली किती आलं, किती वेळाने आलं ते बघायचं. काळी माती पाणी धरून बसते, वाळू सोडून देते. शेतकऱ्याच्या पोराला हे थोडंफार माहीत असतं, पण मोजलेलं नसतं. मोजल्यावर ते घरी जाऊन वडिलांशी बोलतं. जुन्या स्पीकरमधलं चुंबक ओढ्याच्या वाळूतून फिरवलं की काळे कण मिशांसारखे चिकटून येतात. आपला दगड बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतंच. पण हे सांगण्याआधी मुलांना विचारावं की वाळूत लोखंड कुठून आलं, आणि त्यांची उत्तरं ऐकावीत. मटकीचे दहा दाणे उजेडात, दहा अंधारात, दहा कोरडे, दहा पाण्यात पूर्ण बुडालेले. दहाच का, एक का नाही? कारण एखादा दाणा किडका निघाला तर फसगत होते. हे मुलं दुसऱ्याच वेळी स्वतः म्हणतात.

आणि डासांच्या अळ्या. साठलेल्या पाण्यातल्या वळवळणाऱ्या अळ्या बरणीत घेऊन तोंडाला दाट फडकं बांधायचं आणि रोज चित्र काढायचं. आधी अळी, मग स्वल्पविरामासारखा कोष. अंड्यापासून डास व्हायला उन्हाच्या दिवसांत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे आठवड्याभरात गोष्ट पुरी होते. शेवटी फडकं न सोडता बरणी हलवून पाणी कोरड्या मातीवर ओतून द्यायचं, ही खबरदारी मात्र बाईंनी स्वतः घ्यायची. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा हे दरवर्षी भित्तिपत्रकावर येतं. आठवड्यातून एकदाच का, हे ज्या मुलांनी चित्रं काढली त्यांना सांगावं लागत नाही. आमच्याकडे त्या आठवड्यात रांजण घासायला मुलं स्वतः बसली, आणि आशाताईंनी येऊन विचारलं की शाळेत काय चाललंय.

काही आक्षेप मी शिक्षकांच्या मासिक शिक्षण परिषदांत ऐकते, आणि ते खोटे नाहीत. पोर्शन राहतो. राहतो, हे खरं. वर्षाला सगळेच घटक असे शिकवता येणार नाहीत आणि शिकवू नयेत. ग्रहांची नावं, आपल्या शरीरातले अवयव, दूरच्या समुद्राची माहिती ही सांगण्याची आणि वाचण्याची गोष्ट आहे. मुलांच्या हाती सामान दिलं की ती आपोआप सगळं विज्ञान शोधून काढतील, असं मी म्हणत नाही. काय सारखं ठेवायचं, किती दाणे घ्यायचे, कधी थांबायचं, या ठिकाणी बाईंचं बोट लागतंच. मला म्हणायचं आहे ते एवढंच की दर सत्रात तीन-चार प्रश्न तरी असे असावेत ज्यांना हवा तेवढा वेळ मिळेल, आणि त्या काळात कुणी बाईंना 'तुम्ही कितव्या पानावर आहात' असं विचारणार नाही.

द्विशिक्षकी शाळेत कसं जमणार, हा दुसरा आक्षेप. माझा अनुभव असा की बहुवर्गाला ही पद्धत सोयीची पडते. धडे दोन इयत्तांचे वेगळे असतात, पण बर्फाचा खडा एकच असतो. तिसरीतली मुलं चित्र काढतात आणि आधी-नंतर सांगतात. चौथीतली वजन करतात, तक्ता आखतात. सरांना वेळ असला की पहिली-दुसरीतली मुलंही येऊन बसतात आणि काय बुडतं, काय तरंगतं याचे ढीग करतात. पट कमी आहे म्हणून आपण कायम हळहळतो. अशा कामाला मात्र लहान पट हे बळ आहे.

साहित्य नाही, हा आक्षेप मी फार मनावर घेत नाही. 1987 च्या खडू-फळा योजनेत शाळांना विज्ञान पेट्या मिळाल्या होत्या. हिशोबाला कमी पडेल म्हणून कुलपात राहिलेल्या, काचेचं सामान फुटेल म्हणून मुलांपासून लांब ठेवलेल्या पेट्या जुन्या शिक्षकांनी पाहिल्या आहेत. पेटी नको असं नव्हे. पण फुटलं तर कुणाच्या पगारातून, ही भीती जोवर आहे तोवर पेटी उघडत नाही. प्रयोगात फुटलेलं, संपलेलं सामान साठा नोंदवहीतून सहज कमी करता येईल, एवढं तोंडी आश्वासन जरी तुम्ही मुख्याध्यापकांना दिलंत तरी कपाटं उघडतील.

विज्ञान प्रदर्शनाबद्दलही एक विनंती. तालुक्याला जाणारी प्रतिकृती बहुतेक वेळा मोठ्यांच्या हातची असते: थर्माकोलचा ज्वालामुखी, पुठ्ठ्याची पवनचक्की, पाठ केलेलं भाषण. प्राथमिक गटात त्याऐवजी वही मागवा. मुलाने कुठला प्रश्न घेतला, काय वाटलं होतं, काय केलं, काय दिसलं, आणि अजून काय कळलेलं नाही. परीक्षकांनी शेवटच्या मुद्द्याला सगळ्यात जास्त गुण द्यावेत. टीव्हीवर प्रयोगाची चित्रफीत लावली की प्रयोग झाला, अशी नोंदही उपक्रमांत धरू नये. चित्रफितीतला बर्फ कधी चुकीच्या वेळी वितळत नाही, आणि मुलांना विचार करायला लावतो तो नेमका तसा बर्फ.

हे सगळं स्वप्नाळू वाटत असेल तर शेजारच्या मध्य प्रदेशाकडे बघावं. होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली किशोर भारती आणि रसुलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 16 सरकारी उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. सहावी ते आठवीचे वर्ग, साध्या खेड्यातल्या शाळा. मुलं चार-चारांच्या टोळ्यांत प्रयोग करत. पुस्तकाचं नाव 'बाल वैज्ञानिक', आणि त्यात उत्तरं दिलेली नव्हती. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा होती, शिवाय प्रात्यक्षिकाची परीक्षा वेगळी. 1978 मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत गेला, 1982 मध्ये तो पुढे न्यायला एकलव्य संस्था उभी राहिली. आपल्या पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत लहान मुलांची विज्ञान शोधिका पूर्वी चालवलेल्या, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमिती शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची वाटही त्याच होशंगाबादेतून सुरू झाली.

तुम्हाला हा इतिहास सांगण्याचं कारण वेगळं आहे. त्या कार्यक्रमाचा कणा होता दोन गोष्टी, आणि दोन्ही तुमच्या कामाशी जुळतात. एक, 'मासिक गोष्ठी', म्हणजे मासिक बैठक: महिन्यातून एकदा शिक्षक एकत्र बसत, वर्गात कुठला प्रयोग फसला, मुलांनी कुठला प्रश्न विचारला, ते मांडत आणि तिथेच प्रयोग पुन्हा करून बघत. दुसरी, अनुवर्तन: प्रशिक्षित शिक्षक दुसऱ्यांच्या शाळेत जाऊन तास बघत, अडलं तिथे मदत करत. ती तपासणी नव्हती. आपल्याकडे दर महिन्याची शिक्षण परिषद आहे आणि शाळाभेट आहे. सांगाडा तयार आहे. होशंगाबादचा कार्यक्रम 2002 साली तिथल्या सरकारने बंद केला, आणि तीस वर्षांत शिकलेलं बरंचसं सरकारी शाळांच्या बाहेर राहिलं. अशा कामाला यंत्रणेतली माणसं आपली मानत नाहीत तोवर ते एका आदेशाने थांबू शकतं. म्हणूनही हे पत्र तुम्हाला आहे.

पुढच्या भेटीला याल तेव्हा परिसर अभ्यासाचा एक तास सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून बघा. मध्ये उठून पोषण आहाराची नोंदवही मागू नका. मुलाला 'बाष्पीभवन म्हणजे काय' असं विचारण्याऐवजी 'हे तुला कसं कळलं, तू काय करून पाहिलंस' असं विचारा आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. खेड्यातलं मूल साहेबांसमोर पटकन बोलत नाही. आकारिक मूल्यमापनाच्या तंत्रांत प्रात्यक्षिक आणि प्रयोग आधीपासून आहेत. त्यांचे गुण कुठल्या नोंदीवरून दिले ते शिक्षकांना विचारा, कारण आज बऱ्याच ठिकाणी ते गुण वर्षअखेरीला अंदाजाने भरले जातात. आठवड्यातून एकदा परिसर अभ्यासाला जोडतासिका घ्यायला मुख्याध्यापकांना सांगा. त्यासाठी वरच्या परवानगीची गरज नाही. आणि शेरेबुकात, 'वर्गात गोंगाट आढळला' याऐवजी मुलांनी त्या दिवशी काय शोधलं ते एका ओळीत लिहा. ती ओळ आम्ही पालकांना वाचून दाखवू.

शिक्षण परिषदेबद्दल शेवटची विनंती. तिथे आम्ही दिवसभर सादरीकरणं बघतो. पुढच्या वेळी एक तास आम्हा शिक्षकांना प्रयोग करू द्या. येताना प्रत्येक शाळेने कापलेल्या दोन बाटल्या, जुनं फडकं, फूटपट्टी आणि आपल्या गावच्या दोन प्रकारच्या मातीची एकेक पिशवी आणावी, एवढं निरोपात घाला. पाणी शाळेत मिळेलच. आधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा, कारणासकट, आणि तो खोडायचा नाही. तुम्हीही आमच्यासोबत खाली बसून लिहा. माझ्या पिशव्या भरून तयार आहेत: एकीत गायरानातला मुरूम, दुसरीत माणगंगेची वाळू.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा परिषद शाळा, सातारा जिल्हा